सांधणी चालू असताना

आमच्या घरात ताप माणसाला यायचा आणि थांबायचा माग.

बेळगावात खासबागेतलं आमचं घर. पुढच्या खोलीत विजेचे दोन माग आणि मागच्या खोलीत आम्ही पाच जण. आप्पा माग चालवायचे, आई कांड्या भरायची. कांडी म्हणजे साडीच्या आडव्या सुताची बोटाएवढी गुंडाळी. ती धोट्यात बसते, धोटा इकडून तिकडं पळतो आणि कापड होतं. एक कांडी संपली की दुसरी तयार लागते. म्हणजे भरणारं माणूस आडवं झालं तर चालवणारं धडधाकट असूनही रिकामं, आणि चालवणारं आडवं झालं तर भरणाऱ्याला काम नाही. माग थांबला की आठवड्याचा बाजार थांबायचा. मग ज्वारीची आंबील आणि मिरची.

मी सातवीत असताना आईला टायफॉइड झाला. आमच्या गल्लीचा एक दस्तूर आहे. कुणी आजारी पडलं की घरटी एक तरी माणूस भेटायला गेलंच पाहिजे. नाही गेलं तर ते भांडण समजतात. आईचं माहेर निपाणीचं. तिच्या भावजया आणि बहिणी तिकडं तंबाखूच्या वखारीत कामाला. त्यापण बस भरून आल्या. नारळ आले, बिस्किटाचे पुडे आले. आणि आलेल्या माणसाला चहा द्यायचा हाही दस्तूरच. आई तापात आणि मी चुलीपुढं. प्रत्येक माणूस आलं की आई उठून बसायची, पदर सारखा करायची, "बरी हाय की" म्हणायची. कशी हाईस विचारायला सगळी होती. झोप म्हणायला कोणी नव्हतं.

आई वाचली. पण माग बरेच दिवस बंद राहिले, आणि ते पुन्हा चालू करायला माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, शाळेतून उठून कांड्या भरायला बसला तो बसलाच. तो माझ्यापेक्षा हुशार होता. हे मी नम्रतेनं म्हणत नाही, खरंच होता. त्याच्या जागेवर मी शिकले.

आमच्या गल्लीतून कॉलेजला गेलेली मी पहिली. आता ज्यांनी चालू माग ऐकलेला नाही त्यांना सांगते, त्या खडखडाटात शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, अभ्यास कुठला व्हायचा? बीएस्सीच्या परीक्षेला आजूबाजूच्या घरांनी दिवेलागणीनंतर आपले माग बंद ठेवले. मी मागितलं नव्हतं. समोरच्या गंगूकाकू येऊन आईला सांगून गेल्या की पोरीला वाचू दे. ज्यांच्या घरी माग थांबला की काय होतं हे मला पाठ होतं, त्यांनी माझ्यासाठी माग थांबवले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

बीएस्सीनंतर लॅबचा कोर्स केला आणि बेळगावातल्याच एका दवाखान्यात रक्त तपासायला लागले. तिथूनच निवृत्त झाले. गल्लीत मला अजून 'रक्तवाली सरू' म्हणतात. सरोज हे नाव फक्त दवाखान्यापुरतं होतं.

आमचं काम बाहेरच्याला सुईपुरतंच दिसतं. दंडाला पट्टी बांधायची, शीर बघायची, रक्त घ्यायचं. खरं काम त्यानंतर. रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर ठेवायचा, दुसऱ्या काचेच्या कडेनं तो पातळ ओढायचा, वाळवायचा, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बसायचं. पुढं मोजणारी यंत्रं आली, चांगली आली. पण यंत्रानं काही विचित्र सांगितलं की काच ओढावीच लागते. आप्पा पहिल्यांदा लॅब बघायला आले तेव्हा माझी काच उजेडाला धरून म्हणाले, "पोत चांगला आलाय." त्यांच्या तोंडून एवढं ऐकायला मी पदवी घेतली असं समजायला हरकत नाही.

गिऱ्हाइकं एकेक. काकतीचा एक पैलवान सुई बघूनच खाली बसला आणि त्याला उचलायला चौघं लागले. सांबऱ्याचे एक आजोबा उजव्या हाताचं रक्त द्यायला तयार नसत, त्या हातानं ते बैलाला वैरण घालायचे. निपाणीच्या बायका नळीकडं बघून म्हणायच्या, "ह्यात माज्या दोन भाकरी गेल्या की गं बाई." त्यांना सांगावं लागे की अंगात चार-पाच लिटर असतं, मी घेतलं ते चमचाभर, ते भरून येतं. पण सगळ्यांत आठवतो तो एक बाप. मुलाला न्यूमोनिया. रिपोर्टात पांढऱ्या पेशी अकरा हजारांपर्यंत ठीक असं छापलेलं, मुलाच्या अठरा हजार. हा दुसऱ्या दिवशी पाव किलो कुंदा, म्हणजे बेळगावची खव्याची मिठाई, घेऊन हजर. "अकराची परीक्षा, आमच्या पोरानं अठरा काढल्यात," म्हणाला. मी त्याला बसवून सांगितलं की बाबा, हे मार्क नव्हेत. घरात चोर शिरला म्हणून गल्ली जमली, त्या जमलेल्या माणसांचा हा आकडा आहे. तो रिपोर्टाकडं बघून म्हणाला, "पण जमली न्हवं?" जमली होती. त्याचं बरोबर होतं आणि कुंदापण चांगला होता.

ही पांढऱ्या पेशींची गोष्ट मी आयुष्यभर गल्लीच्याच भाषेत सांगत आले, कारण मला ती तशीच दिसली. रक्तात त्या अनेक जातीच्या असतात. त्यातल्या दोन ओळखल्या तरी पुरे. पहिली धावणारी, पुस्तकात तिला न्यूट्रोफिल म्हणतात. काचेवर तिचं केंद्र जांभळ्या मण्यांची छोटी माळ असावी तसं दिसतं. कुठं खरचटलं, जंतू शिरला, की ही पहिल्यांदा पोचते. कोण आलंय ते नीट विचारत नाही, गिळते. गिळून बहुतेक तिथंच मरते. आपण ज्याला पू म्हणतो आणि नाक मुरडतो, त्यात मुख्य ह्याच असतात, धावून आलेल्या आणि मेलेल्या. मी पुवाला कधी घाण म्हणत नाही.

दुसरी लक्षात ठेवणारी, लिम्फोसाइट. गोल, गुळगुळीत, सावकाश. साडीच्या काठाची नक्षी मागावर कशी येते ठाऊक आहे? भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ मागाच्या डोक्यावर टांगतात. नवीन नक्षीचे पत्ते पाडायला दिवस जातात. पण एकदा पाडले की तीच नक्षी पुन्हा हवी असली तर माळ अडकवायची आणि माग चालू. ह्या पेशी तसंच करतात. नवा जंतू आला की त्याच्याविरुद्धचे पत्ते पाडायला त्यांना वेळ लागतो, तोवर धावणाऱ्या खिंड राखतात. तोच जंतू पुन्हा आला की पत्ते तयार असतात. लस म्हणजे आजार न होता पाडून घेतलेले पत्ते.

धावणाऱ्यांचं आयुष्य मात्र फार थोडं, रक्तात जेमतेम दिवसभराचं. हाडांच्या पोकळीत जो मगज असतो तो रोज नव्या तयार करून सोडतो. म्हणजे तो माग एक दिवसही थांबून चालत नाही.

शोभाचा तोच माग थांबला होता.

शोभा म्हणजे गंगूकाकूंची सून, रमेशची बायको. वय पंचविशीचं. माहेर निपाणीचं, म्हणजे माझ्या आजोळचं, त्यामुळं मला आक्का म्हणायची. गळ्यातली थायरॉइडची गाठ जास्त काम करत होती म्हणून तिला गोळ्या चालू होत्या. गोळ्या चांगल्या, हजारोंना गुण येतो. पण क्वचित एखाद्याच्या अंगात त्या मगजालाच गप्प करतात. घसा दुखला किंवा ताप आला तर गोळी थांबवा आणि लगेच या, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. आता आमच्याकडं घसा दुखला की हळदीच्या पाण्याच्या गुळण्या करतात. कोण दवाखान्यात जातं? लग्नसराई, मागावर शालूंचं काम, गुळण्या करत करत शोभा ताप अंगावर घेऊन कांड्या भरत राहिली आणि एक दिवस तिथंच कलंडली.

तिचं रक्त माझ्याकडं आलं. यंत्रानं आकडा दिला तो बघून मी काच ओढली. तांबड्या पेशी रांगेनं. अधूनमधून लक्षात ठेवणाऱ्या गोल पेशी. धावणारी एकही नाही. काच हळूहळू सरकवत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. मण्यांची माळ कुठंच नाही. दुसरी काच ओढली. तेच.

आमच्या डॉक्टर मॅडम तोवर तिचा घसा बघून आल्या होत्या. घशात जखमा होत्या, पण पू नावालाही नाही. त्यांनी गोळी बंद केली, सलाइनमधून जंतूंवरची औषधं सुरू केली, मगजाला जागं करणारं इंजेक्शन मागवलं आणि शोभाला एकटीला खोलीत ठेवलं. मला म्हणाल्या, "मगज जागा होईल. होतो बहुतेक. तोवर तिच्यापर्यंत काही पोचता कामा नये. आणि सरोज, ही तुझी माणसं आहेत. भेटायला येणाऱ्यांचं तू बघ."

रक्त बघायची मला सवय होती. माणसं अडवायची नव्हती.

एक गोष्ट समजून घ्या. तुमच्या-माझ्या हातावर, नखात, घशात जंतू असतातच. आपण घाण असतो म्हणून नव्हे, जिवंत असतो म्हणून. धावणाऱ्या पेशी त्यांना रोज उंबऱ्याबाहेर ठेवतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. शोभाच्या उंबऱ्यावर कोणीच नव्हतं. तिच्या स्वतःच्या तोंडातले जंतूसुद्धा तिला घरचे राहिले नव्हते. अशा माणसाला आपलेपणानं गालावरून फिरवलेला हात महागात पडतो.

आणि हात फिरवणारी माणसं निघालेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी खासबाग आली. दुपारी निपाणीचा टेंपो आला. पुढं शोभाची आई इंदूमावशी, मागं चुलत्या, मावश्या, वखारीतल्या मैत्रिणी. हातात शहाळी, डाळिंबं, दहीभाताचा डबा. वार्डातली आया दोन्ही हात पसरून दारात उभी, "ब्याड री, ब्याड," म्हणजे नको हो नको, म्हणत होती. कन्नड सगळ्यांना कळतं, पण तेवढ्यापुरतं कुणाला कळेना. शोभाची एक चुलती मला म्हणाली, "मी भेटाया न्हाय आलो गं. नुसतं बघून जातो." आमच्याकडं बायकाही आलो-जातोच म्हणतात. मी समजावलं की आत इन्फेक्शन होईल, तुमच्या अंगावरचे जंतू तिला बाधतील. वाक्य बरोबर होतं. मॅडमनीही हेच सांगितलं असतं. पण ते तोंडातून बाहेर पडलं आणि समोरचे चेहरे बदलले.

गंगूकाकू पुढं आल्या. माझ्या लहानपणापासूनच्या गंगूकाकू.

"आमच्या अंगाला काय रोग लागलाय व्हय, सरू?"

"तसं न्हाय, काकू."

"मग कसं? तुज्या परीक्षेला आमी माग बंद ठेवलते. आन् तू आमाला दारात उभी करतीस."

ह्याचं उत्तर पुस्तकात दिलेलं नाही. मागं कोणीतरी म्हणालं, शिकली की माणूस असंच होतंय. मी ऐकलं नाही असं केलं आणि दारातून हलले नाही.

संध्याकाळी घरी जायच्या आधी खोलीकडं गेले तर आया चहाला गेलेली आणि आत तिघी जणी. पलंगाभोवती. शोभा, जिला मान उचलायची ताकद नव्हती, ती उठून बसली होती. पदर सारखा करत होती आणि म्हणत होती, "बरी हाय की."

मी तिघींना बाहेर काढलं, गोड बोलून नव्हे. शोभाला आडवं केलं. मग जिन्यात येऊन उभी राहिले. माझी आई डोळ्यांपुढं आली होती, भिंतीकडं तोंड करून झोपू बघणारी, आणि कुणीतरी आलं की पुन्हा उठून बसणारी. ही सगळी माणसं प्रेमानं येत होती. हीच तर अडचण होती. वैऱ्याला हाकलायला मला काही वाटलं नसतं.

घरी गेले आणि आप्पांना सगळं सांगितलं. आप्पा तेव्हा म्हातारे झाले होते, माग अण्णा चालवायचा. त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, "चल कट्ट्यावर."

देवळाच्या कट्ट्यावर गल्ली जमलेली होतीच. विषय आमचाच चालला असणार, कारण आम्ही दिसताच थांबला. मी सुरुवात केली. पांढऱ्या पेशी, मगज, गोळीचा परिणाम. सगळी ऐकत होती, पण बँकेतला साहेब बोलताना ऐकतात तसं. रमेश खाली मान घालून एका कडेला. गंगूकाकू माझ्याकडं बघतच नव्हत्या.

कट्ट्यासमोरच्या घरात त्या दिवशी नवा ताणा लागत होता. ताणा म्हणजे साडीचं उभं सूत, हजारो धागे. जुना संपला की नव्याचा एकेक धागा जुन्याच्या एकेक धाग्याला पिळून जोडावा लागतो. त्याला आम्ही सांधणी म्हणतो. सांधणारा माणूस पाठ वाकवून बसतो आणि घर श्वास रोखतं. पंखा बंद. पोरं बाहेर. पाहुणा आला तरी दारातूनच परत जातो आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही, कारण एका धक्क्यानं धागे गुंतले की दिवस वाया जातो. विणकराच्या गल्लीत हे कुणी कुणाला शिकवत नाही. त्या घराचं दार तेव्हा लोटलेलं होतं आणि बाहेर पायरीवर त्यांची पोरं चुळबुळत बसली होती.

मी बोलता बोलता थांबले. म्हटलं, ह्या घरात आत्ता तुम्ही कोण जाल का? काय विचारतेस, असं सगळी बघत राहिली.

"शोभाच्या अंगात सांधणी चालू हाय," मी म्हटलं. "जुनं सूत सगळं तुटलंय. नवं एकेक जोडायचं चाललंय. तुमच्यात काय वाईट हाय म्हणून मी अडवत न्हाय. तिचा माग उघडा पडलाय म्हणून अडवतो."

मग कुणी इन्फेक्शन म्हणजे काय विचारलं नाही. आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. शोभाला ते लेकीसारखं वागवायचे आणि त्यांनी तिला अजून बघितलं नव्हतं.

"झालं तर," ते म्हणाले. "सांधणी चाललेल्या घरात आपून जात न्हाय. मी जाणार न्हाय."

मग गंगूकाकूच बोलल्या, आणि त्यांचा आवाज आता भांडणाचा नव्हता. "मग आमी करायचं काय, दादा? पोरगी तिकडं आन् आमी हातावर हात ठिऊन बसायचं?"

"कांड्या भर," आप्पा म्हणाले.

कोणीतरी हसलं. पण आप्पांनी ते थट्टेनं म्हटलं नव्हतं. रमेशचा माग शोभा पडली त्या दिवसापासून बंद होता. अर्धा शालू तसाच मागावर. लग्नवाल्यांचा माणूस येऊन चौकशी करून गेला होता. रमेश दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलेला, गंगूकाकू तिथंच दारात, आणि घरात कांड्या भरायला कोण? ज्याला शोभाला भेटायचंय त्यानं तिच्या घरी जाऊन तिचं काम करावं, असं त्या संध्याकाळी ठरलं. ठरलं म्हणजे कुणी ठराव मांडला नाही. गंगूकाकू उठल्या आणि दोघी-तिघी त्यांच्या मागोमाग गेल्या. जरा वेळानं बंद असलेला माग खडखडायला लागला. तो अण्णा चालवत होता.

निपाणीच्या मंडळींना दुसऱ्या दिवशी गंगूकाकूंनीच दवाखान्याच्या फाटकात अडवलं. माझ्यापेक्षा त्यांना ते चांगलं जमलं. "आत सांधणी चाललीय, चला घरला, लई काम पडलंय," म्हणून सगळा टेंपो खासबागेत नेला. वखारीत तंबाखू चाळणारे हात कांड्यांवर बसले. नीट जमेना, सूत तुटे, एकमेकींना टोमणे चालू. पण बसले.

इंदूमावशीला मात्र आईच म्हणून शोभाजवळ राहायची परवानगी मिळाली. हात धुऊन, तोंड बांधून, एकटीलाच. तिनं सौंदत्तीच्या देवीचा भंडारा आणला होता, लेकीच्या जिभेवर ठेवायला. मी नको म्हटल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "देवी दाराबाहेर बसून राखण करील ना?" इंदूमावशीनं विचार केला आणि म्हणाली, "करंल की. तिला कुठलं दार आडवं येतंय." मग भंडाऱ्याची पुरचुंडी खोलीच्या दाराच्या कडीला बाहेरून बांधली. खरं सांगते, त्या पुरचुंडीनं जेवढी माणसं परत फिरवली तेवढी आमच्या 'प्रवेश बंद'च्या पाटीनं फिरवली नसती.

रोज सकाळी शोभाचं रक्त माझ्याकडं यायचं. रोज मी काच ओढायची. रोज रिकामी. ताप चढत होता, मॅडमनी औषध बदललं. जिन्यात रमेश भेटायचा. तो माझ्या तोंडाकडं बघायचा आणि खाली बघायचा. मी आजवर हजारो लोकांचे रिपोर्ट लिहिले, पण ते कुणाच्या डोळ्यांत बघून द्यायचे नसतात. कागद जातो. ह्या वेळी कागद मीच होते.

मग एका सकाळी काचेवर काही मोठ्या, करड्या-जांभळ्या पेशी दिसल्या. धावणाऱ्या नव्हत्या, पण त्याच मगजातून निघालेल्या, मोनोसाइट म्हणतात त्यांना. पावसाआधी वारा सुटतो तशा त्या कधीकधी आधी येतात. मी कुणाला सांगितलं नाही. रमेशलासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी काच ठेवली, सरकवली, आणि एका कडेला ती दिसली. कोवळी होती. मण्यांची माळ अजून पडलेली नव्हती, केंद्र घोड्याच्या नालासारखं वाकडं. जरा पुढं आणखी एक. मग तिसरी.

मी मॅडमना बोलावलं. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि उठून माझ्या पाठीवर हात ठेवला. दुपारी घसा तपासून आल्या आणि म्हणाल्या, "पू धरतोय." आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या घशात पू झाला म्हणून मला कुंदा वाटावासा वाटला.

जिन्यात रमेश होता. मी म्हटलं, "माग चालू झाला." तो खाली बसला. काकतीचा पैलवान बसला होता तसाच.

गल्लीत सांगायला गेले तर गंगूकाकू कांड्या भरत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "कापड दिसंना व्हय अजून?" म्हटलं, शोभाचा माग चालू झालाय, कापडपण दिसंल, घाई करू नका. तेव्हा त्यांचा हात थांबला. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा भरायला लागल्या.

शोभा घरी आली ती वाळून काडी झालेली. थायरॉइडवर तिला दुसरा उपाय केला, ती गोळी पुन्हा कधी दिली नाही. घरी आल्यावर तिनं पहिलं काय केलं असेल? आपल्या माघारी विणलेला शालू उलगडून बघितला आणि म्हणाली, "ह्या कांड्या कुणी भरल्या? सूत ढिलं हाय." गंगूकाकू म्हणाल्या, "मी भरल्या. तू मरायला टेकलीतीस." मग दोघी हसत बसल्या. शालू लग्नात नेसला गेला. ढिलं सूत कुणाला दिसलं नाही.

पुढं कोरोना आला तेव्हा सगळीकडं लोकांना दूर राहा म्हणून सांगताना नाकी नऊ आले. आमच्या गल्लीत फार सांगावं लागलं नाही. ज्या घरात आजार, त्या घराचं दार लोटलेलं, पायरीवर डबा आणि भरलेल्या कांड्यांची टोपली. सगळे वाचले असं नाही, तसं म्हणणं खोटं होईल. पण कुणाला एकटं पडल्यासारखं वाटलं नाही. लस आली तेव्हा आप्पा रांगेत सगळ्यांच्या पुढं. सुई घेऊन आले, रात्रीतून अंग तापलं, मी काळजीनं विचारलं तर म्हणाले, "पत्ते पाडायचं चाललंय. गप झोप."

आप्पा आता नाहीत. आई तर त्याआधीच गेली. शोभाचं सगळं घडलं तेव्हा ती असायला हवी होती असं मला फार वाटतं. तिला कुणी झोप म्हटलं नाही ते नाहीच. अण्णाची शाळाही परत आली नाही. त्याची मुलगी नर्सिंगला आहे आणि तिच्या परीक्षेला गल्लीतले माग दिवेलागणीला अजून बंद होतात. हे उपकार फेडायचे नसतात, पुढं द्यायचे असतात, एवढं मला कळलंय.

मी कुणाला वाचवलं नाही. शोभाला मॅडमनी वाचवलं आणि तिच्या हाडांतल्या मगजानं. मी काच बघितली आणि दारात उभी राहिले. पण एका गोष्टीत माझा आणि माझ्या गल्लीचा हात आहे, ती अभिमानानं सांगते. आमच्या गल्लीत आता कुणी आजारी पडलं की त्याला झोपू देतात, आणि त्याच्या घरचा माग थांबत नाही.